युद्धात गेलेली वर्षं: फुटबॉलवाल्यांच्या ऐकलेल्या-पाहिलेल्या आठवणी लिहा

माहीमची माई
परवा लेक आर्सेनलची (लंडनचा फुटबॉल क्लब) लाल जर्सी घालून जेवायला बसला आणि आमचे बाबा म्हणाले, अरे या टीमचा माणूस तुझ्या पणजोबांनी ब्रेबॉर्नवर बॅटिंग करताना बघितलाय. लेकाला वाटलं आजोबा फेकतायत. फेकत नव्हते. डेनिस कॉम्प्टन! आर्सेनलचा लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेने बॉल घेऊन पळणारा, आणि उन्हाळ्यात मिडलसेक्स काउंटीकडून क्रिकेट. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध जाहीर झालं तेव्हा 21 वर्षांचा, सीझन नुकताच सुरू झालेला तो तिथेच बंद, आणि हा पुढे आर्मीत पीटी शिकवत शिकवत आपल्या इंदूरजवळच्या महूला पोचला. तिथून इंदूरच्या होळकर टीमकडून मार्च 1945 ची रणजी फायनल, मुंबईविरुद्ध. शेवटच्या डावात करायच्या होत्या 867 (हो, आठशे सदुसष्ट) आणि साहेब नाबाद 249. तरी होळकर 374 नी हरले कारण आपल्या विजय मर्चंटने त्याआधी 278 ठोकून ठेवले होते. पणजोबा म्हणे ऑफिसात ताप आल्याची चिठ्ठी पाठवून गेले होते.

सगळे त्याच्या क्रिकेटबद्दल बोलतात, मला फुटबॉलची चुटपुट लागते. 21 ते 27 म्हणजे विंगरची पळायची वर्षं हो. युद्धाच्या काळात इंग्लंडकडून 12 वेळा खेळला पण ते सामने अधिकृत धरत नाहीत, म्हणजे रेकॉर्डला इंग्लंडचा फुटबॉलर म्हणून भोपळा. लीगचे सामने सगळे मिळून 54.

तुमच्या घरात कुणी असं काही सांगितलं असेल, तिकडे राहणाऱ्यांनी काही पाहिलं असेल तर लिहा ना. पोळ्या राहिल्यात, येते.

सराफ्यातला
महू म्हणजे आमच्या घरचंच. आता डॉ. आंबेडकर नगर. आमच्या काकाआजोबांच्या तोंडी मात्र कायम सीके, कॉम्प्टन वगैरे पाहुणे. सीके नायडू तेव्हा पन्नाशीला टेकलेले आणि तरी कॅप्टन. त्या 249 चा एक किस्सा सांगतात, कुणा शेटजींनी शंभराच्या पुढच्या प्रत्येक रनला पैसे कबूल केले होते, कॉम्प्टन दमून आत येतो तर चिठ्ठी, शेट अर्जंट कामासाठी कलकत्त्याला गेलेत. खरंखोटं देव जाणे पण इंदुरात प्रत्येकाला तो शेट आपल्याच गल्लीतला वाटतो 😄

लँकेशायरची सून
आम्ही इंग्लंडमधल्या प्रेस्टनला. इथल्या फुटबॉल क्लबच्या डीपडेल स्टेडियमबाहेर त्यांच्या टॉम फिनीचा पुतळा आहे, पाण्यातून घसरत बॉल नेताना, खाली खरंखुरं कारंजं. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, अगंबाई हा पडला का.

याची गोष्ट माईंच्या कॉम्प्टनपेक्षा कडक आहे. 1940 ला प्रेस्टनकडून प्रोफेशनल झाला, 1941 ला आर्सेनलला हरवून वॉर कप (युद्धकाळातली कप स्पर्धा) जिंकला (माई, तुमचा माणूस समोरच्या टीममध्ये होता बरं का). मग 1942 ला बोलावणं आलं, ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत आधी इजिप्त मग इटली, रणगाडा चालवायचा. लीगमधला पहिला सामना थेट ऑगस्ट 1946 ला! वय 24. महिन्याभरात इंग्लंडच्या टीममध्ये आणि पुढे 76 सामने, 30 गोल. शिवाय सगळा वेळ प्लंबिंगचा धंदा चालूच, कारण तेव्हा फुटबॉलरच्या पगाराला वरून टोपी होती, अमुकच्या पुढे क्लबने द्यायचाच नाही. आमच्या घरी बॉयलर बंद पडलाय आणि प्लंबर फोन उचलत नाही, फिनी हवे होते.

बंड्या_ठाणे
ताई बॉयलरचं प्रेशर बघा. एकच्या खाली असेल तर खालचा छोटा नळ फिरवा

लँकेशायरची सून
@बंड्या_ठाणे झालं!!! देव भलं करो तुमचं

पेठेतला पोरगा
इंग्लंडचं माहीत नाही पण आमचे थोरले चुलते फौजेत, सुट्टीवर कोल्हापुरात आले की पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळायचे. 71 ला सुट्टी रद्द झाली. परत आले तर त्यांच्या जागी दुसरा पोरगा, आणि चांगला खेळत होता हीच पंचाईत. चुलते शेवटपर्यंत त्याला बदली म्हणायचे, गल्लीत भेटला तरी "काय बदली, बरं हाय न्हवं". तो बदली आता स्वतः आजोबा झालाय.

माहीमची माई
@पेठेतला पोरगा 😂😂 बदली!

डबल शिफ्ट
नाइट ड्युटीवर आहे, घाईत लिहितोय. बोल्टनचा फुटबॉल क्लब राहिला की. मी तिथे दोन वर्षं काढली. एप्रिल 1939 मध्ये, अजून युद्ध सुरू पण नव्हतं, कॅप्टन हॅरी गॉस्लिन मैदानात उभा राहून प्रेक्षकांशी बोलला आणि मग टीमच्या टीम जाऊन भरती झाली, तोफखान्यात. गॉस्लिन डिसेंबर 43 ला इटलीत लढाईत मारला गेला. खंड पडला म्हणायला निदान परत तरी यावं लागतं. आणि ब्लॅकपूल क्लबचा मॉर्टेन्सन, बॉम्बर विमान कोसळलं त्यातून वाचला, डोक्याला मार, आणि 1943 ला वेम्बलीवर इंग्लंडचा राखीव असताना वेल्सचा खेळाडू जखमी झाला म्हणून हा वेल्सकडून उतरला, इंग्लंडविरुद्धच! पुढे 1953 च्या एफए कप (इंग्लंडमधल्या क्लबांची मोठी स्पर्धा) फायनलला हॅटट्रिक. बेल वाजली, पळतो

सराफ्यातला
थाप नाही ना ही? वेल्सकडून??

डबल शिफ्ट
नाही हो काका खरंच. तेव्हा सगळंच उसनवारीवर चालायचं, जिथे पोस्टिंग तिथल्या क्लबकडून पाहुणा म्हणून खेळायचं. इंग्लंडचा नावाजलेला विंगर स्टॅनली मॅथ्यूज पण तसाच आरएएफमध्ये (ब्रिटिश हवाई दल) ब्लॅकपूलजवळ होता, आधी पाहुणा, युद्धानंतर 1947 ला कायमचा तिथेच गेला.

शुभांगी_डोंबिवली
कॉम्प्टन म्हणजे ब्रिलक्रीमच्या जाहिरातीतला ना? आमच्या आजोबांच्या डोक्याला कायम तेच. उशीचे अभ्रे पिवळे!

माहीमची माई
हो तोच. बाबा आत्ता मागून ओरडतायत की त्याचं फुटबॉल अगदी वाया गेलं असं लिहू नकोस, 1950 ला एफए कप जिंकून दिला, लिव्हरपूलला 2-0, भाऊ लेस्ली पण त्याच टीममध्ये. आणि लेस्लीला इंग्लंडची पहिली अधिकृत कॅप (म्हणजे देशाकडून सामना) मिळाली त्याच वर्षी, 38 व्या वर्षी. 38! आमच्याकडे 38 ला गुडघ्याला तेल लावतात. बरं डेनिसचा पण गुडघा गेलाच होता, पुढे वाटीच काढून टाकली.

बंड्या_ठाणे
शुभांगीताई अभ्र्यांना भांडी घासायचं लिक्विड चोळून अर्धा तास ठेवा, मग गरम पाणी

शुभांगी_डोंबिवली
अहो आजोबा जाऊन वीस वर्षं झाली 🙏 पण आता नवरा तेच लावतो, तेव्हा करून बघते