माउईचा हाना रस्ता आणि वायमोकू धबधबा : आईला सोबत घेऊन एका दिवसात जमेल का?

भुसावळकर :
नमस्कार. माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात नोकरीला असून, येत्या जूनमध्ये मी, पत्नी, बारावी झालेला मुलगा आणि सत्तरीच्या घरातील आई असे आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. तेथून सगळे मिळून हवाई बेटांपैकी माउईला जाण्याचे ठरत आहे. समुद्रकाठाने जाणारा हाना रस्ता आणि त्याच्या पुढे किपाहुलू भागात वायमोकू धबधब्यापर्यंत जाणारी पायवाट, या दोन गोष्टी मुलाने आधीच पक्क्या करून टाकल्या आहेत. विमानतळ असलेले काहुलुई ते हाना गाव हे अंतर सुमारे 84 किलोमीटर आहे, म्हणजे भुसावळहून चाळीसगावपेक्षाही कमी, आणि तरीही पूर्ण दिवस राखून ठेवा असे जो तो सांगतो. एवढा वेळ नेमका कशात जातो? आईचे गुडघे दुखतात आणि घाटात तिला मळमळते, त्यामुळे तिला न्यावे की हॉटेलातच ठेवावे, आणि रस्ता व धबधबा एकाच दिवशी उरकावेत की नाही, याविषयी जाऊन आलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

धुळेकर :
भाऊ, किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. त्या रस्त्यावर सहाशेहून अधिक वळणे आणि 59 पूल असून त्यांपैकी 46 पूल एकेरी आहेत. समोरची गाडी आधी पुलावर आली असेल तर आपण थांबायचे, आणि आपल्या बाजूला रांग असेल तर पाच-सात गाड्या निघून गेल्यावर पलीकडच्यांना वाट द्यायची, अशी तेथली रीत आहे. तोरणमाळचा घाट चढताना लागतात तशीच वळणे इथेही लागतात, पण तो घाट थोड्या वेळात संपतो आणि हा रस्ता तीन तास झाले तरी तसाच चालू राहतो. कुठेही न थांबता हानाला पोहोचायला अडीच ते तीन तास लागतात, किपाहुलू तेथून आणखी पाऊण तासावर आहे, आणि न थांबता जायचे असेल तर त्या रस्त्याला जाण्यात अर्थच नाही. त्यातच परतीची तेवढीच वळणे धरली तर सगळे एका दिवसात बसवणे म्हणजे गाडी चालवणाऱ्याला शिक्षा आहे. माझे स्पष्ट मत असे, की हानाला एक रात्र मुक्काम करावा. तेथे राहण्याच्या जागा थोड्या आणि महाग असल्याने विमानाच्या तिकिटांबरोबरच ती खोली राखून ठेवा.

आणखी एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. काहुलुईहून निघताना महामार्गाचा क्रमांक 36 असतो, पुढे तो 360 होतो आणि तेथे मैलांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. धबधब्यांचे ठिकाण तेथे मैलाच्या आकड्यावरूनच सांगतात, तेव्हा तो आकडा कोणत्या मोजणीतला आहे हे पाहूनच गाडी थांबवावी. मागून स्थानिक माणूस घाईत येत असेल तर जागा मिळताच बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ द्यावे, कारण तो कामाला निघालेला असतो आणि आपण हिंडायला.

शहाद्याचा वाटसरू :
रस्त्याविषयी वर नेमके लिहिले आहे, म्हणून मी फक्त पायवाटेविषयी लिहितो. तिचे नाव पिपिवाई, आणि ती हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाच्या किपाहुलू विभागात येते. जाऊन-येऊन अंतर सुमारे साडेसहा किलोमीटर आणि चढ दोनशे मीटरच्या आसपास आहे. सुरुवातीच्या चढावरच माकाहिकू धबधबा वरून दिसतो, पुढे पारंब्या सोडलेला एक प्रचंड वड लागतो, आणि नंतर बांबूचे बन सुरू होते. ते आपल्या सातपुड्यातल्या मानवेलीसारखे विरळ नाही. भर दुपारी आत अंधारून येते, वारा सुटला की पोकळ बांबू एकमेकांवर आपटून ठक ठक असा आवाज वरून येत राहतो, आणि चिखलाच्या जागी पायाखाली लाकडी फळ्यांची वाट घातलेली आहे. शेवटी सुमारे 120 मीटर उंचीच्या काळ्या कड्यावरून वायमोकू कोसळतो. त्याच्या अगदी पायथ्याशी जाऊ नये, कारण वरून दगड सुटतात आणि तसे फलकही तेथे लावलेले आहेत.

मुलाला एक गोष्ट मात्र बजावून सांगा. समुद्रावर लख्ख ऊन असताना वर हालेआकालाच्या उतारावर पाऊस कोसळत असतो. तो डोंगर 3,055 मीटर उंच आहे, ईशान्येकडून येणारे वारे त्याला अडतात आणि पूर्वेच्या उतारावर ढग रिकामे करतात. ते पाणी ओढ्यातून काही मिनिटांत खाली येते. पाणी अचानक गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा प्रवाहाचा आवाज वाढला, तर फोटो सोडून उंचावर जावे. जून हा तेथे तुलनेने कोरड्या दिवसांतला महिना असला, तरी या बाजूला पाऊस बारमाही येतो. हवाईच्या गोड्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून अंगावर जखम असेल तर पाण्यात उतरू नये.

रावेरची लेक :
दादा, आईंना हॉटेलात ठेवू नका. पिपिवाईची वाट त्यांच्यासाठी नाही हे खरे, परंतु हाना ते किपाहुलू या टप्प्यात वायलुआ धबधबा अगदी रस्त्याला लागून आहे आणि गाडीतून उतरताच समोर दिसतो. त्यांना पुढच्या आसनावर बसवा, सकाळी पोटभर खाऊ घालू नका, आणि आलेपाक हाताशी ठेवा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असली तर वाटेत खाण्याची शोधाशोध करावी लागत नाही.

त्यांना सर्वांत जास्त हाना रस्त्यावरचे केआनाए गाव आवडेल असे मला वाटते. काळ्या लाव्हाच्या खडकांवर लाटा फुटत असतात आणि त्याला लागूनच पाणी भरलेल्या खाचरांत अळू उभे असते. आपण पाने वडीसाठी वापरतो, तर ते लोक कंद उकडून, कुटून त्याची पोई करतात. तेथे केळ्याचा गोड पाव विकतात, तो गरम असतानाच खावा. केळीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाने दिलेले हे प्रशस्तिपत्रक समजावे. ताजी फळे मात्र परतीच्या विमानात नेण्याच्या विचाराने घेऊ नयेत, कारण हवाईहून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे निघताना शेतीखात्याचे लोक सामान तपासतात.

काळ्या वाळूच्या वायआनापानापा किनाऱ्यासाठी बाहेरच्या पर्यटकांना आधी वेळ आरक्षित करावी लागते. ती 30 दिवस आधीपासून मिळते आणि आयत्या वेळी गेल्यास फाटकावरूनच परत पाठवतात.

भुसावळकर :
सर्वांचे मनापासून आभार. हानाचा मुक्काम ठरवला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि भाऊ धबधब्यापर्यंत जातील, तोवर आई आणि आम्ही दोघे खालीच थांबू. परत येताना त्याच वळणांवरून येण्याऐवजी दक्षिणेकडून बेटाला वळसा घालून येता येईल का?

धुळेकर :
तो रस्ता अरुंद आहे, काही ठिकाणी खडबडीत आहे, आणि भाड्याच्या गाडीच्या अनेक करारांत त्यावर जाण्यास मनाई असते. करार वाचून पाहा. मनाई असेल आणि तेथे गाडी बंद पडली, तर ती ओढून आणण्याचा खर्च तुमच्या माथी येईल. मी आल्या वाटेनेच परतावे असे सुचवेन, कारण जाताना समुद्र ज्या बाजूला होता त्याच्या उलट बाजूला येतो आणि निसटलेली ठिकाणे पाहून होतात. फक्त अंधार पडण्याआधी काहुलुईच्या अलीकडचे पाइया गाव गाठा, आणि जाताना तेथेच टाकी भरून घ्या.