तासाभरात स्तनपान: गरोदर मातांना काय सांगावे?

रानवारा:
मी एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला अंगावर पाजावे, हे मी तपासणीला येणाऱ्या प्रत्येक गरोदर मातेला सांगते आणि त्याही माना डोलावतात. परंतु बाळंतपणानंतर भेटल्यावर कळते, की दूध ‘उतरले नाही’ म्हणून बाळाला आधी मध किंवा गुळाचे पाणी चाटवले गेले. माझ्या सांगण्यात काय बदलावे, याविषयी सल्ला हवा आहे.

निवृत्त परिचारिका:
आपण काय सांगता यापेक्षा कोणाला सांगता, हे आधी पाहावे. पहिलटकरीण बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि प्रसूतीनंतर तिच्या उशाशी आपण नसता, तिची आई किंवा मावशी असते. मधाचे बोट त्यांच्याच हातचे असते. तेव्हा आईला तपासणीला बोलवावे, ते जमत नसेल तर फोनवर बोलावे आणि माहेरच्या आशाताईंनाही कळवावे.

‘उतरले नाही’ याचे उत्तर प्रसूतीपूर्वीच द्यायला हवे. पहिल्या दिवशी येतो तो चीक: थोडा, घट्ट, पिवळसर. नवजात बाळाला पहिल्या दिवशी एका वेळी साधारण चमचाभरच लागते, त्यामुळे तो पुरतो. दूध भरून यायला दोन ते चार दिवस लागतात आणि बाळाने वारंवार ओढल्यानेच ते वाढते. मी आज्यांना एवढेच विचारत असे, की गाय व्यायली तर वासराला चीक पाजता की गूळपाणी? (खरवसाचा विषय निघून दहा मिनिटे जात, पण मुद्दा पटे.) वर्षाच्या आतील बाळाला मधातून बॉट्युलिझमसारखी गंभीर विषबाधा होऊ शकते, हेही स्पष्ट सांगावे.

दोन लेकरांची आई:
सिझेरियनचे विसरू नका. पहिल्या वेळी मला वाटले, की टाके आहेत तोवर पाजता येत नाही, आणि त्यात दीड दिवस गेला. दुसऱ्या वेळी पाठीतल्या इंजेक्शनमुळे मी जागी होते; परिचारिकेने बाळ छातीशी धरले आणि नंतर कुशीवर वळून पाजता आले. हे आठव्या महिन्यातच कोणी सांगितले असते, तर मी स्वतःहून बाळ मागितले असते.

रानवारा:
आभारी आहे. गुरुवारी तीन पहिलटकरणी येणार आहेत. त्यांच्या माता-बाल संरक्षण कार्डावर माहेरचे गाव आणि आईचा फोन क्रमांक लिहून घेते.