नागिणीनंतरची कळ आणि ट्रामाडॉलची भीती

नागीण बरी होऊन सहा महिने झाले, तरी वडिलांची कळ जात नाही आणि ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीची चटक लागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं. बरगडीवर पदर घासला तरी कळवळायची, पंख्याचा वारासुद्धा नको व्हायचा.

भीती अगदीच खोटी नाही. ट्रामाडॉल अफूच्याच गोत्रातलं, २०१८ पासून आपल्याकडे अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याखाली आहे. पण अंगवळणी पडणं वेगळं आणि व्यसन वेगळं. आमचा घोळ असा, की भीतीपोटी मी आईची ट्रामाडॉलची गोळी एका दिवसात बंद केली. रात्रभर घाम, जुलाब, तळमळ. मला वाटलं, झालं, लागलं व्यसन! डॉक्टर चिडले. म्हणाले, शरीराला सवय झालेली, हळूहळू उतरवायची असते. मग तसंच केलं.

नसांच्या दुखण्याला आधी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं देतात. आईला प्रीगॅबालिन लागू पडलं, पण सुरुवातीला दुपारी जेवता जेवता पेंगायची. (तेही अचानक सोडायचं नसतं बरं का.) शिवाय त्वचेवर लावायचा, जागा बधिर करणारा लिग्नोकेनचा पॅच.

वडील आधीपासून झोपेची गोळी घेत असतील तर मात्र डॉक्टरांना आजच सांगा, ट्रामाडॉलसोबत ती धोक्याची. घेतात का ते?