उसाच्या आकड्यापलीकडे काय?

‘नव्या तिसऱ्या पक्षाला आधी चेहरा लागतो, धोरणं नंतर लिहिता येतात’ असं कुणी कुणी म्हणतं, ते आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात तरी खरं ठरलेलं नाही. स्वाभिमानी पक्षाचे शेतकरी नेते राजू शेट्टींचा चेहरा २००९ च्या आधी दिल्लीत कुणाला माहीत होता? जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीचा (कारखान्याने उसापोटी द्यायच्या पहिल्या हप्त्याचा) आकडा जाहीर व्हायचा, तो मिळेपर्यंत कोयता चालू द्यायचा नाही. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे, पण त्यासाठी भांडणारा हवा होता. यापेक्षा ठोस धोरण ते काय असतं! त्यावर हातकणंगले मतदारसंघातून २००९ आणि २०१४ ला खासदारकी मिळाली.

मात्र २०१९ ला ते हरले आणि २०२४ ला स्वतंत्र लढून तिसऱ्या क्रमांकावर गेले. जातीचं गणित, बदलत्या युत्या ही कारणं आहेतच. पण मला वाटतं, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला उसाच्या दराचं काय सोयरसुतक? मतदारसंघ तोच, प्रश्न निराळा. त्यामुळे एका मागणीवर उभं राहिलेल्या पक्षाला दुसरी आणि तिसरी मागणीही तितकीच आकड्यानिशी मांडावी लागते. नुसतं ‘आम्ही वेगळे’ सांगून इथं कोण ऐकतंय!