जानेवारीत काझा करायचंय, स्कॉर्पिओ-एनमध्ये नेमकं काय काय करून घेऊ?

केळीवाला_जळगाव
नमस्कार मंडळी. गाडी स्कॉर्पिओ-एन डिझेल फोर बाय फोर, दीड वर्ष झालं घेऊन. आतापर्यंत फोर बाय फोरचा उपयोग म्हणजे पावसाळ्यात रावेरच्या मळ्यातून चिखल तुडवत बाहेर निघणं, एवढाच. जानेवारीत आम्ही चौघं काझाला (हिमाचलच्या स्पितीत) जायचं म्हणतोय, शिमला-किन्नौरकडून, कारण मनालीकडचा कुंझुम घाट हिवाळ्यात बंदच असतो. मधे जमेल तिथे तंबू. बर्फ आम्ही चौघांनीही फक्त रसवंतीवर पाहिलाय, हे आधीच कबूल करतो. बजेट दीड लाख. इथल्या ॲक्सेसरीवाल्याने यादी दिलीय : दोन इंच लिफ्ट (गाडी उंच करणं), छपरावर रॅक आणि त्यावर रूफ टेंट, लोखंडी बंपर, विंच (फसलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र), एलईडी बार, मड टायर. यातलं काय ठेवू, काय काढू?

धुळेकर_१८
भो, ही यादी तुझ्या गाडीची नाही, त्या दुकानदाराच्या दिवाळीची आहे. मी जुन्या स्कॉर्पिओने दोनदा फेब्रुवारीत जाऊन आलोय, गाडी उंचीने अडकली असं एकदाही झालं नाही, घसरली मात्र चिक्कार. म्हणून पैसे टाकायचे ते टायर आणि बर्फासाठी चाकांवर चढवायच्या चेनमध्ये.

मड टायर आपल्या काळ्या मातीला भारी, मोठे मोठे ठोकळे असतात, फिरता फिरता चिखल फेकून देतात. पण थंडीत त्याचं रबर कडक होतं आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा नसतात, त्यामुळे कडक बर्फावर ते पाटावरून साबण सरकावा तसं सरकतं. ऑल टेरेन घे, साइडवॉलवर डोंगर आणि बर्फकणाचं चिन्ह असलेलं, साइज कंपनीचीच ठेव.

चेन दोन जोड्या घे. पहिल्या वेळी मी एकच जोडी नेली नि पुढच्या चाकांना लावली. नाकोच्या उतारावर ब्रेकला पाय लागला, पुढचं थांबलं आणि मागचं बूड दरीकडे निघालं. त्या दिवसापासून दोन जोड्या. आणि घरी सराव कर, अंगणात, रात्री, हातमोजे घालून. तिथे बोटं बधिर झाल्यावर मॅन्युअल वाचता येत नाही. लावल्यावर तीस-चाळीसच्या वर जायचं नाही, थोडं चालवून उतरून परत ताणायची, आणि कोरडा डांबर लागला की काढायची.

अजून एक, फोर बाय फोर चढायला मदत करतो, थांबायला नाही. मळ्यात फसल्यावर आपण रेस देतो ना, ती सवय इथेच सोडून जा. खालचा गियर, हलका पाय, आणि उतारावर इंजिनलाच गाडी धरू दे. किन्नौरमध्ये सावलीच्या वळणावर वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठतं, रस्ता नुसता ओला वाटतो. म्हणून दहा ते तीन, एवढंच चालवायचं.

डिझेलचं सांगतो. खाली भरलेलं डिझेल कडाक्यात मेणासारखं होतं आणि फिल्टर जाम होतो. मी धुळ्यात फुल्ल, रामपूरला परत फुल्ल असा शहाणपणा केला होता, काझात गाडी सुरू झाली ती दुपारी ऊन आल्यावर. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशापर्यंत वाहणारं विंटर डिझेल काढलंय, ते लडाख, काझा, केलाँगसारख्या भागासाठीच आहे. वर जाताना टाकी जरा रिकामी ठेव, चौकशी करून तिथलंच भर. कोणी रॉकेल मिसळायला सांगेल, आजच्या इंजिनात अजिबात नको.

गॅरेजवाले_आप्पा (भुसावळ)
धुळेकर बरोबर बोलला. मी फक्त आपल्याकडची एक खोड सांगतो. उन्हाळ्यात पारा ४५ ला गेला की जो तो कूलंटच्या डब्यात नळाचं पाणी ओततो. तसं कितीदा ओतलंय ते आठव. तिथे ते पाणी गोठून ब्लॉक फुटू शकतो. सगळं काढून कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं भरून घे. बॅटरी जुनी असेल तर बदल. काच धुवायच्या टाकीतही साधं पाणी नको. रात्री हँडब्रेक ओढू नको, चिकटतो, गियरमध्ये टाकून चाकाला दगड लाव.

लोखंडी बंपरवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातलीय, आणि वाटेत अपघात झाला तर इन्शुरन्सवाला तेवढंच निमित्त शोधत असतो. विंचचं वजन पुढच्या ॲक्सलवर, त्यापेक्षा जाड खेचपट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या कड्या) आणि फावडं.

शहाद्याची_ताई
रूफ टेंट नको रे भाऊ. पन्नास-साठ किलो छपरावर, गाडी वळणावर डोलते आणि रात्री वाऱ्यात तुम्ही वर लटकलेले. जमिनीवरचा तंबूसुद्धा उणे पंधराला पहिल्यांदाच वापरायची वस्तू नाही. काझात होमस्टे घ्या, तंबू खाली किन्नौरच्या अलीकडे लावा. आधी डिसेंबरात दोन रात्री तोरणमाळला काढून बघा, कोण कुडकुडतो ते कळेल. पाल-यावलकडे जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, उगाच आत घुसू नका.

छोटा गॅसचा डबा थंडीत फुसका होतो, ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही. आणि तंबूत किंवा गाडीत शेगडी, कोळसा काहीही पेटवून झोपायचं नाही, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस उठत नाही. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवलं तर आधी सायलेन्सरसमोरचा बर्फ काढा. बाकी कुकर न्या. काझाच्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशालाच उकळतं, पातेल्यात तुरीची डाळ दिवसभर नुसती नाचेल.

केळीवाला_जळगाव
बाप रे, बरं झालं विचारलं. कूलंटचं तर आप्पांनी माझंच नाव घेतलं 😅 एक शंका, थंडीत टायरची हवा कमी होते म्हणतात, मग जळगावहूनच चार-पाच जास्त भरून निघू का?

धुळेकर_१८
नको. थंडीने साताठ पीएसआय उतरते, पण उंचीवर बाहेरचा दाब कमी, त्यामुळे मीटर पाचेक जास्त दाखवतो, म्हणजे बरंचसं तिथल्या तिथे फिटतं. गेज आणि छोटा कंप्रेसर सोबत ठेव, सकाळी गाडी हलवण्याआधी मोज.

केळीवाला_जळगाव
ओके. लिफ्ट, बंपर, विंच, रूफ टेंट रद्द. एलईडी बार रद्द केल्यापासून धाकटा माझ्याशी बोलत नाही. एका मित्राकडून चेनची एक जोडी आणलीय, काल रात्री अंगणात लावून पाहिली, पहिल्या चाकाला पस्तीस मिनिटं आणि तीही उलटी बसली. आई ओट्यावरून बघत होती, म्हणे, एवढे कष्ट घ्यायचे तर ट्रॅक्टरच घेऊन जा की.