विषय: मंगळवारचं वादळ, पेटलेले रूळ आणि परतीची गाडी

मंजिरी, नेपरव्हिल

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून इथं आलो. मी रोज रूट ५९ स्टेशनवर बीएनएसएफ लाइनची लोकल गाडी धरते आणि शिकागोच्या युनियन स्टेशनला उतरते. हा आमचा पहिलाच हिवाळा. मंगळवारी बर्फाचं वादळ आणि त्याच्या पाठोपाठ कडाक्याची थंडी, असा अंदाज आहे. ऑफिसनं ‘जमेल त्यांनी या’ एवढंच कळवलंय. त्यात शिकागोचे रूळ पेटलेले दाखवणारा व्हिडिओ सासूबाईंपर्यंत पोहोचलाय आणि सकाळपासून त्यांचे फोन चालू आहेत. रुळांना खरंच आग लावतात का? अशा दिवशी गाडीनं जावं, कार काढावी, की सरळ रजा टाकावी? हे त्या आठवड्यात डॅलसला आहेत. मुलीचं डे-केअर सहाला बंद होतं, त्यामुळे जाण्यापेक्षा मला परतीची चिंता जास्त आहे.

अरविंद, लाइल

मंजिरी,

सासूबाईंना आधी सांग की रूळ जळत नाहीत. त्या ज्वाळा रुळाच्या कडेला बसवलेल्या गॅसच्या नळ्यांच्या असतात. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथला सांधा सरकता असतो. त्या फटीत बर्फ दाबून बसला की सांधा पूर्ण मिटत नाही, तो मिटला नाही की सिग्नल मिळत नाही, आणि मागच्या सगळ्या गाड्या उभ्या राहतात. म्हणून सांधे तापते ठेवतात. काही ठिकाणी विजेनं, काही ठिकाणी गरम हवेच्या झोतानं, तर काही ठिकाणी गॅसवर. व्हिडिओ बहुतेक वेस्टर्न ॲव्हेन्यूजवळच्या ए-२ जंक्शनचा असेल. तिथं मार्ग एकमेकांना छेदतात, सांधे पुष्कळ आहेत, आणि रात्री ते दृश्य खरोखरच भीतिदायक दिसतं. गाड्या मात्र त्यावरून बिनधोक जातात.

दुसरी आग असते ती तुटलेला रूळ जोडायची. पोलाद थंडीनं आखडतं. मोकळा ठेवलेला एक किलोमीटर लांबीचा रूळ तापमान ५० अंश सेल्सियसनं उतरलं तर साधारण ६० सेंटीमीटरनं आखूड होईल. पण इथले रूळ वेल्डिंगनं सलग जोडलेले आणि खाली जखडलेले, त्यांना आखडायला जागाच नाही. सगळा ताण आत साठतो आणि एखाद्या कच्च्या जोडावर रूळ सुटतो. मग कामगार तेलात भिजवलेला दोर रुळालगत पेटवतात, रूळ तापून लांबतो, टोकं जुळली की बोल्टनं आवळतात. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे कर्जत-कसाऱ्याकडे ‘रुळाला तडा, मध्य रेल्वे विस्कळीत’ ही बातमी येते ना, त्यामागचं कारणही हेच. तिथं पारा १२-१५ वर आला तरी पुरतं. इथं ३० जानेवारी २०१९ ला ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट होतं, म्हणजे जवळजवळ उणे ३१ सेल्सियस.

आता तुझा मुख्य प्रश्न. कार काढू नकोस. माझं हे मत पक्कं आहे आणि त्याला २०११ कारणीभूत आहे. १ फेब्रुवारीच्या संध्याकाळी लेक शोअर ड्राइव्ह या तळ्याकाठच्या रस्त्यावर शेकडो कार अडकल्या. पुढे अपघात झाले, तळ्यावरून वारा सुटलेला, बघता बघता बर्फ दारांच्या वर चढला. लोक रात्रभर कारमध्ये होते, अग्निशमन दलाच्या जवानांनी चालत जाऊन त्यांना बाहेर काढलं. त्या वादळात ओहेअरला २१ इंचांच्या वर बर्फ पडला. तो रस्ता भर शहरातला आहे, समोर इमारतींचे दिवे दिसत होते आणि तरी माणसं तिथवर पोहोचू शकली नाहीत. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहिली तरी तुझ्या डोक्यावर छप्पर असतं, उजेड असतो, सोबत माणसं असतात आणि कंडक्टर असतो. आय-८८ हायवेवर एकटीनं अडकणं फार वेगळं.

समीर, अरोरा

काकांचं तांत्रिक सगळं मान्य. पण ‘गाडीनं जा’ हा सल्ला सरसकट देऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. त्यांनी सांगितलेल्या ३० जानेवारी २०१९ ला ॲमट्रॅक या लांब पल्ल्याच्या रेल्वेनं शिकागोहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्या रद्द केल्या होत्या. मेट्रा इलेक्ट्रिक या विजेवरच्या लोकल लाइनची वाहतूक तारांच्या बिघाडामुळे थांबली होती. पोस्टानंही टपाल वाटप बंद ठेवलं. ज्या देशात पोस्टमन घरी बसतो, तिथं सॉफ्टवेअरवाल्यानं फलाटावर उभं राहायचं कारण काय? मंजिरीताई, ‘जमेल त्यांनी या’ म्हणजे न येण्याची परवानगीच आहे. लॅपटॉप घरी आणा आणि सोमवारीच लेखी कळवून टाका. नवीन नोकरी आहे, लोक काय म्हणतील, असं मनात येईल. कुणी काही म्हणत नाही. मुलगी लहान आहे आणि घरात तुम्ही एकट्या आहात, एवढं पुरेसं आहे.

बर्फ आणि थंडी यांत मी फरक करतो. सहा-आठ इंच बर्फ पडून थांबला तर दुसऱ्या दिवशी गाड्या बऱ्यापैकी चालतात. उणे वीस फॅरनहाइटची लाट आली की घरी.

वृंदा, डाउनर्स ग्रोव्ह

समीर, तुझं म्हणणं ज्यांना घरून काम आहे त्यांच्यापुरतं खरं. मी नर्स आहे. युनियन स्टेशनला उतरून ब्लू लाइन या शहरातल्या मेट्रोनं मेडिकल डिस्ट्रिक्टला जाते. वादळ असो नसो, सातच्या पाळीला वॉर्डात कुणीतरी उभं राहावंच लागतं, आणि रात्रपाळीची मुलगी माझी वाट बघत असते. आपल्या मेल-लिस्टवर नर्स, लॅबवाले, हॉटेलात काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आणि मंजिरीला जावंच लागलं तर तिच्यासाठी हे लिहिते.

धोका गाडीत फार कमी असतो, तो फलाटावर असतो. वाऱ्यामुळे जाणवणारा गारठा उणे पन्नास फॅरनहाइटच्या आसपास असला की उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठू लागते. आधी झोंबतं, मग झोंबायचं थांबतं, आणि लोकांना वाटतं बरं झालं, सवय झाली. तिथंच घात होतो. बोटाचं टोक पांढुरकं, मेणचट दिसलं की लगेच आत जायचं आणि कोमट पाण्यात बोट धरायचं. चोळायचं नाही. आपल्या आजीनं हातपाय चोळून ऊब दिली असेल, पण इथं चोळण्यानं गोठलेली कातडी फाटते. हीटरवरही हात धरायचा नाही, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही.

कानातली, चमकी, धातूची बांगडी घरी काढून ठेव. धातू कातडीला चिकटून गार होतो आणि कानाची पाळी सगळ्यांत आधी जाते. मंगळसूत्र कपड्यांच्या आतल्या थरात असू दे. बोटं वेगळी असणाऱ्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मिटन घे. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेव. बाहेरच्या खिशात बॅटरी भराभर उतरते आणि तिकीट फोनमध्येच असतं. ऑफिसचे बूट पिशवीत, पायात बर्फाचे. थर्मासमध्ये चहा, आणि दशमी, खजूर, तिळाची वडी असं काहीतरी जवळ असू दे, भूक असेल तर थंडी दुप्पट वाजते.

फलाटाच्या कडेच्या पिवळ्या पट्टीपासून लांब उभी राहा, तिथं पातळ बर्फ दिसतच नाही. आपल्या जुन्या दुमजली डब्यांना दार मधोमध असतं आणि पायऱ्या उंच. कंडक्टर जिथं दार उघडून उभा आहे तिथं चढ. डावा हात दांडीवर, उजव्या हातात काही नको.

आणि एक. ऑफिसं दुपारी एकाच वेळी सुटली की एकच्या गाडीला उभं राहायला जागा नसते, कारण त्या वेळी गाड्याच कमी असतात. सगळ्यांबरोबर धावत सुटण्यापेक्षा युनियन स्टेशनच्या मोठ्या हॉलमध्ये बस, फलक बघत राहा, पुढची घे.

अरविंद, लाइल

वृंदानं लिहिलं ते प्रत्येकानं घरी वाचून दाखवावं.

समीर, २०१९ सारखी लाट असेल तर घरीच थांबावं हे मलाही पटतं. माझा वाद फक्त कारशी आहे. मंगळवारचा अंदाज मी पाहिला. बर्फ दुपारनंतर वाढणार आहे आणि थंडी बुधवारी पहाटे उतरणार आहे. म्हणजे जाताना त्रास नाही, परतीला आहे. तीन वाजेपर्यंत निघता येत नसेल तर मंजिरीनं जाऊच नये.

आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही. दिवसभर रूट ५९ च्या पार्किंगमध्ये उभी असलेली कार संध्याकाळी सुरू होईलच असं नाही. थंडीत बॅटरी अर्धमेली होते, आणि बर्फ काढणारा ट्रक जाताना तुमच्या कारमागे हातभर उंच बांध करून जातो. गाडी सुखरूप आली आणि माणूस पार्किंगमध्ये अडकला, हे दर हिवाळ्यात घडतं. फावडं डिकीत नको, घरी जाताना हाताशी लागेल असं मागच्या सीटवर ठेवा. डिकीचं दार गोठतं.

माझ्याकडे चारही चाकांना ताकद मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) कार आहे आणि मी निवृत्त आहे. मंगळवारी चार ते नऊ मी लाइल, नेपरव्हिल आणि रूट ५९ या तिन्ही स्टेशनांवर येऊ शकतो. ज्यांना हवं त्यांनी सोमवारी रात्रीपर्यंत मला खासगी मेल करा, गाडीची वेळ लिहा.

चिटणीस

शहरात राहणाऱ्या सभासदांना विनंती: कुणाला रात्री परतता आलं नाही तर एक-दोघांना झोपायला जागा देऊ शकाल का? वेस्ट लूप आणि ग्रीकटाउनमधून दोन घरांनी आत्ताच होकार दिलाय. पत्ते लिस्टवर टाकू नका, मला कळवा. शनिवारचं हळदीकुंकू ठरल्याप्रमाणेच आहे, हॉलवाले गुरुवारी नक्की सांगतील.

वृंदा, डाउनर्स ग्रोव्ह

मंजिरी, मंगळवारी माझी सुट्टी आहे, पण मी नेपरव्हिलपासून लांब पडते. माझी नणंद तुमच्याच भागात राहते, तिला मी विचारलं, ती तयार आहे. डे-केअरला आजच फोन कर. मुलीला कोण नेणार त्याचं नाव आधी लेखी दिलेलं नसेल तर ते मूल हाती देत नाहीत, ओळखपत्र बघतात. मंगळवारी दुपारी फोन करशील तर लाइन लागणार नाही.

मंजिरी, नेपरव्हिल

काका, ताई, समीर, मनापासून आभार. ऑफिसला लेखी कळवलंय की मंगळवारी दुपारी अडीचला निघणार आणि बुधवारी घरून काम करणार. त्यांनी लगेच हो म्हटलं. डे-केअरचा फॉर्म भरला, त्यात तुमच्या नणंदेचं नाव घातलं. आज संध्याकाळी मुलीला घेऊन त्यांच्याकडे जाऊन येते, म्हणजे तिला चेहरा ओळखीचा होईल. काका, मी २:५० च्या सुमाराची गाडी धरायचा प्रयत्न करते, स्टेशन सोडलं की मेसेज टाकीन. सासूबाईंना तुमची मेल जशीच्या तशी पाठवली आहे. त्यांनी विचारलंय की त्या नळ्यांना गॅस पाइपनं येतो की सिलिंडरनं.