मदत हवी आहे: मेन पाडला की फायर पंप बंद, डीजीवर (डिझेल जनरेटरवर) घेतला तर डीजीच बसतो

अकोटाकर:
नमस्कार मंडळी. बडोद्यात अकोट्याला आमची १२ मजली सोसायटी आहे. तळघरात ६० एचपीचा मुख्य फायर पंप (स्टार-डेल्टा स्टार्टर: आधी कमी झटक्याच्या स्टार जोडणीत सुरू होतो, मग टायमरने डेल्टात जातो) आणि एक जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप). डिझेल पंप नाही. लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी ६२.५ केव्हीएचा डीजी आहे. मॉक ड्रिलमध्ये मेन ब्रेकर (इमारतीची सगळी वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडला तर पंपाची वीजही गेली. डीजीवर पंप लावला तर दिवे मंदावले, कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) खडखडू लागला, पंपाने वेग घेतलाच नाही. कंत्राटदार म्हणतो, ८२.५ चा डीजी घ्या, काम होईल. खरंच होईल का?

पॅनेलवाला:
नाही होणार. ६० एचपी म्हणजे ४५ किलोवॅट, चालू पंपाला साधारण ८० अँपिअर. स्टारमध्ये सुरू होताना १६० ते १९० लागतात. तुमच्या डीजीची क्षमता ८७ अँपिअर, ८२.५ केव्हीए वाल्याची ११५ अँपिअर. व्होल्टेज कोसळतं, कॉन्टॅक्टरची कॉइल धरत नाही, म्हणून ती खडखड. १२५ केव्हीएच्या खाली जाऊ नका, आणि लिफ्टचा भार त्यावर वेगळा धरा. टायमरही बघा: पंपाने पुरता वेग घेण्याआधी डेल्टात गेला तर थेट सुरू केल्यासारखाच झटका बसतो. चालू होताना स्टार्टरच्या टर्मिनलवर मीटर धरा. ४१५ व्होल्टचे ३५३ च्या खाली गेले तर केबल बारीक आहे किंवा स्रोत कमी पडतोय.

पण त्याआधी ब्रेकर. आग लागली की कुणीतरी पहिल्यांदा मेनच पाडतं, अग्निशमन दलालाही वीज तोडावी लागते. पंपाचा फीडर (त्याला वीज नेणारी लाइन) मीटरनंतर पण मेन ब्रेकरच्या आधी, स्वतंत्र स्विचवर हवा. वीज कंपनीला कळवून, शटडाऊन घेऊन, परवानाधारकाकडूनच करून घ्या. केबल फायर सर्व्हायवल प्रकारची (आगीतही काही काळ वीज देत राहणारी) घ्या, आणि पार्किंगच्या छताखालून नेऊ नका. जळणारी गाडी नेमकी त्याखाली असते. स्विचवर ‘आगीत बंद करू नये’ अशी पाटी गुजरातीतही लावा, रात्रीच्या वॉचमनला वाचता यायला हवी.

अकोटाकर:
आभार. पंपाचा ओव्हरलोड रिले (जादा करंट झाला की मोटर बंद करणारा) दोनदा ट्रिप झाला होता. सेटिंग वाढवू का?

पॅनेलवाला:
वाढवू नका, आधी कारण शोधा: जाम बेअरिंग, एक फेज गेलेला, नाहीतर पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर पाण्याचा प्रवाह जास्त. पण रिलेचा संपर्क ट्रिपला न जोडता हूटरला (भोंग्याला) जोडायचा, हे सल्लागाराला विचारून नक्की करा. आगीत मोटर जळाली तरी चालेल, ती थांबून चालणार नाही. शॉर्ट सर्किटचं संरक्षण मात्र ठेवायचंच. पंप दाबाने आपोआप सुरू व्हावा, बंद मात्र हातानेच व्हावा.

विश्वामित्रीकाठ:
दोन गोष्टी राहिल्या. डीजी आणि ग्रिड, दोन्हींचा फेजक्रम (तीन फेजचा क्रम, त्यावरच मोटर फिरायची दिशा ठरते) सारखा आहे का? ग्रिडवर पंप बरोबर फिरतो आणि डीजीवर उलटा, असं होतं. उलटा फिरणारा पंप आवाज करतो, थोडं पाणीही देतो, पण गेजचा काटा नेहमीच्या दाबापर्यंत चढत नाही. केसिंगवरचा बाण आणि शाफ्टची दिशा दोन्ही पुरवठ्यांवर पाहा. ट्रान्सफॉर्मर किंवा केबल जॉइंटचं काम झालं की पुन्हा पाहा.

दुसरं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी शहरात कुठवर आलं होतं ते आठवा. पॅनेल तळघरात असेल तर त्या खुणेच्या वर उचला. माझं मत विचाराल तर मोठ्या डीजीपेक्षा डिझेल इंजिनवरचा वेगळा पंप बरा, त्याला वीज लागतच नाही. दोन बॅटरी आणि चार्जर ठेवा, आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. चाचणी बटण दाबून नको: हेडरचा (पंपाच्या मुख्य पाइपचा) ड्रेन व्हॉल्व्ह उघडा, दाब उतरू द्या, मग पंप आपोआप उचलतो का बघा. आणि पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच परत ‘ऑटो’वर आणायला विसरू नका, बहुतेक पॅनेल ‘ऑफ’वरच सापडतात.

अकोटाकर:
फेजक्रम आणि टर्मिनलचं व्होल्टेज रविवारी दोन्ही पुरवठ्यांवर तपासतो, आकडे इथेच टाकतो.